एकाच हाताची दोन वळणं

मराठी सिनेमावर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या बैठकीत एक वाद हमखास रंगतो. एका बाजूला महोत्सवांतून गाजणारा, संथ, अबोल, प्रेक्षकाकडून कष्ट मागणारा सिनेमा आणि दुसऱ्या बाजूला शिट्ट्या, गाणी, हाऊसफुल्लचे फलक. पहिल्याचे चाहते दुसऱ्याला गल्लाभरू म्हणतात आणि दुसऱ्याचे चाहते पहिल्याला चार शहाण्यांचा सिनेमा. २०१६च्या उन्हाळ्यात या वादाला विलक्षण धार आली, कारण दोन्ही पक्षांनी एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट एकमेकांसमोर उभे केले. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला आणि ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी. ‘फँड्री’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ‘फँड्री’चा नागराज बाजारात हरवला, असं काहींना वाटलं. नागराजला अखेर प्रेक्षकाची नाडी सापडली, असं इतरांना वाटलं.

मला हे दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून चौकटीगणिक पाहिले की एकाच हस्ताक्षराची दोन वळणं दिसू लागतात. तथाकथित कलात्मक चित्रपटात लोकप्रिय सिनेमाची सगळी सुखं दडलेली आहेत आणि तथाकथित तिकीटखिडकीच्या चित्रपटाचा कणा कमालीच्या कठोर कलाविचाराने घडलेला आहे. नुसतं म्हणून भागणार नाही, ते दाखवायला हवं. म्हणून एकेक धागा सुटा करून पाहू.

सुरुवात नायकाच्या प्रवेशापासून. ‘फँड्री’ उघडतो तो बाभळीच्या रानात. जांबुवंत कचरू माने, म्हणजे जब्या, गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागावर आहे. सोबत मित्र पिऱ्या. ती चिमणी मारून जाळली आणि तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की शालू आपली होईल, अशी त्याची श्रद्धा आहे. आता या रचनेकडे नीट पाहा. दुर्मीळ पक्षी, त्याच्यात दडलेली मोहिनी, ती मिळवायला निघालेला पोरगा आणि दूरची सुंदर मुलगी. ही आजीच्या तोंडच्या गोष्टीची रचना आहे, आणि लोकप्रिय सिनेमाने पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरली आहे. मंजुळे ती जशीच्या तशी उचलतात, पण विक्रम अमलाडींचा कॅमेरा तिला कुठलीही झळाळी देत नाही. रान रखरखीत आहे, झाडं काटेरी आहेत, उजेड पांढुरका आहे. कथेचा साचा परीकथेचा आणि पोत दुष्काळी माळाचा, हा ताण पहिल्या काही मिनिटांत तयार होतो आणि चित्रपट संपेपर्यंत सैल पडत नाही. चिमणी हाताशी येते येते आणि उडते. प्रेक्षकाच्या मनात आशेचं बी इतक्या हलक्या हाताने पेरलं जातं की पेरणारा हात दिसतसुद्धा नाही.

‘सैराट’ची सुरुवात याच्या अगदी उलट टोकाला आहे. बिटरगावात क्रिकेटचे सामने चाललेत, लाऊडस्पीकरवर अघळपघळ समालोचन आहे, गर्दी आहे, आणि अडचणीत आलेला संघ परश्याची वाट पाहतो आहे. नायकाला साकडं घालून बोलवायचं, मग तो येऊन सामना फिरवणार. हा प्रवेश पाहून प्रेक्षक सैलावतो, पाय पसरून बसतो. आणि नेमकं तेव्हाच, बक्षीस समारंभात, नायिका आर्चीचे वडील तात्या पाटील भाषणाला उभे राहतात. विरोधकाची टर उडवताना ते त्याच्या घरातल्या बाईचा विषय काढतात. ज्याला घरातली बाई सांभाळता आली नाही तो तालुका काय सांभाळणार, असा त्यांचा रोख असतो. गर्दी हसते आणि चित्रपटगृहही हसतं. पहिल्यांदा पाहताना हा गावठी राजकारणाचा एक रंगतदार नमुना वाटतो. शेवट ठाऊक झाल्यावर पुन्हा पाहावं, म्हणजे कळतं की सगळ्या चित्रपटाचा निकाल त्या भाषणात वाचून दाखवलेला आहे. ज्या माणसाची सत्ता घरातल्या स्त्रीवरच्या ताब्याने मोजली जाते, त्याची मुलगी निघून गेली तर काय होणार, हे तिथेच ठरलं आहे. आणि हे सारं विनोदाच्या आवरणात, टाळ्यांच्या कडकडाटात. इतक्या उघड्यावर ठेवलेली आणि तरीही इतकी लपलेली सूचना मराठी पडद्यावर क्वचित सापडते.

दुसरा धागा नजरेचा. प्रेमपटात कोण कोणाकडे पाहतो, हा व्याकरणाचाच प्रश्न असतो. ‘फँड्री’त जब्या शालूकडे पाहतो, वर्गातून, रस्त्यावरून, जत्रेतून. पण आख्ख्या चित्रपटात त्या दोघांमध्ये एकदाही संभाषण होत नाही. राजेश्वरी खरातला शालू म्हणून जवळजवळ काहीच बोलायचं नाही, फक्त असायचं आहे. जब्या आरशासमोर उभा राहतो, नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावतो, अंगावर जीन्स यावी म्हणून धडपडतो. शालूची नजर आपल्यावर पडलीच तर ती कशावर पडेल, या धास्तीने त्याचं सारं वागणं घडतं. घरातली मोठी माणसं आपसांत कैकाडीत बोलतात, जब्या मात्र शाळेच्या मराठीला धरून राहतो. त्याला दिसायचंही आहे आणि लपायचंही आहे. सोमनाथ अवघडेच्या चेहऱ्यावर ही दुहेरी ओढ संवादाविना उमटते. डोळे पुढे जातात आणि खांदे मागे राहतात. या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या खांद्यांकडे पाहिलं की परीक्षकांनी काय टिपलं असेल ते उमगतं.

‘सैराट’मध्ये हे व्याकरण उलटं फिरतं. परश्या पाहतो हे खरं, पण आर्ची उलट पाहते. वर्गात चोरून पाहणाऱ्याकडे ती मान वळवून रोखून बघते आणि नजर खाली जाते ती मुलाची. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकत परश्याच्या वस्तीवर येते, घोड्यावर बसते. हिंदी-मराठी सिनेमात ही सगळी वाहनं नायकाच्या मालकीची. ती नायिकेच्या हाती दिल्याने चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या आणि ते स्वाभाविकच होतं. पण बारकावा पुढे आहे. आर्चीचा हा दिमाख तिच्या स्वभावातून जितका येतो तितकाच तिच्या बापाच्या जमिनीतून येतो. बुलेट पाटलांची आहे, ट्रॅक्टर पाटलांचा आहे, ज्या विहिरीत ती मालकिणीच्या तोऱ्यात पोहते ती विहीरही त्याच जगातली आहे. मंजुळे आपल्याला तिच्या निर्भयपणाच्या प्रेमात पाडतात आणि त्या निर्भयपणाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे कुठेही ठळक न करता दाखवतात. पाहणाऱ्याला आनंद देता देता त्याच आनंदाचा पाया उघडा करणं, हे फार मुरलेल्या हाताचं काम आहे.

आता संगीताकडे वळू, कारण या वादात ‘सैराट’वर सर्वात मोठा आरोप गाण्यांवरूनच होतो. ‘फँड्री’त अलोकनंदा दासगुप्तांचं पार्श्वसंगीत आहे आणि ते मोजून-मापून वापरलं आहे. अजय-अतुल यांचं जे गाणं त्या चित्रपटाच्या नावाने गाजलं, ते जाहिरातीसाठी होतं. प्रत्यक्ष चित्रपटात ते नाही. चित्रपटात मुख्य वाद्य हलगी. जत्रेच्या प्रसंगात ती घुमते तेव्हा जब्याच्या अंगात ताल संचारतो. त्याला नाचायचं आहे, आणि चंक्या त्याला खांद्यावर उचलून घेतो. चंक्या म्हणजे सायकलींचं दुकान चालवणारा, जब्याच्या चिमणीवर विश्वास ठेवणारा गावातला एकमेव मोठा माणूस. ही भूमिका स्वतः मंजुळे यांनी केली आहे. काही क्षण जब्या सगळ्या गर्दीच्या वर आहे, शालूला दिसेल इतका वर. हा लोकप्रिय सिनेमातला नायकाचा क्षण आहे, त्यात काही कमी नाही. मग बापाची हाक येते आणि पालखीपुढे गॅसबत्ती धरायचं काम जब्याच्या वाट्याला येतं. आधी तो खांद्यावर होता, आता ओझं त्याच्यावर आहे. सगळी मिरवणूक ज्याच्या उजेडात नाचते, त्याला नाचता येत नाही. दिग्दर्शकाने यावर एकही शब्द खर्च केलेला नाही. उंचीच्या या एका बदलातून जातीची सगळी रचना नजरेत भरते.

‘सैराट’मधली चार गाणी याच जागेवरून पुढे निघतात. अजय-अतुल यांनी या चित्रपटाचं सिम्फनी संगीत अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलं. भारतीय चित्रपटासाठी तिथे असं काम होण्याची ती पहिलीच वेळ. हा खर्चाचा थाट आहे, असं कोणी म्हणू शकेल. पण ‘याड लागलं’ पडद्यावर काय करतं ते पाहा. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या होडीत आहे. आर्ची विहिरीवर आल्याची खबर लागते आणि तो पाण्यात झेप घेतो, काठाला लागतो आणि धावत सुटतो. माळ, बांध, वाड्या-वस्त्या मागे पडतात आणि तो थेट विहिरीत उडी घेतो. या धावण्याला शेकडो वर्षं राजपुत्रांच्या प्रेमासाठी राखून ठेवलेला व्हायोलिनांचा तो भरदार घोष साथ करतो. करमाळ्याच्या मातीतल्या, पडद्यावर आजवर नायकाच्या मागे उभं राहायची सवय लावलेल्या पोराच्या वाट्याला पहिल्यांदाच एवढा मोठा वाद्यवृंद आला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा स्लो मोशन वापरतो, पण नुसता दिखावा म्हणून वापरत नाही. धावणाऱ्या देहाचं वजन, पाण्याचे उडालेले थेंब, श्वास, सगळं जाणवेल इतका वेळ तो देतो. भव्यता ही इथे सजावट राहत नाही, तो हक्क होतो. ‘फँड्री’त जब्याला जो नाच नाकारला गेला, तो ‘झिंगाट’मध्ये अवघ्या महाराष्ट्राने नाचून घेतला, असं मला वाटतं.

आणि मग ही गाणी थांबतात. माझ्या लेखी ‘सैराट’च्या रचनेतला हा सर्वांत धाडसी निर्णय. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. आर्ची आणि परश्या पळून गेल्यावर पुढच्या दीर्घ प्रवासात एकही गाणं नाही. लोकप्रिय सिनेमाची चाल याच्या उलट असते. उत्तरार्ध जड होऊ लागला की एक गाणं टाकून प्रेक्षकाला सावरून घेतात. मंजुळे सावरत नाहीत. हैदराबादेत पोचल्यावर दोघांना झोपडवस्तीतली एक खोली मिळते, सुमनअक्का आधार देते, परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची कारखान्यात कामाला जाते. भाषा परकी, वास परका, पाणी परकं. गावात जिच्या शब्दाला धार होती ती आर्ची इथे मुकी होते. बुलेट गेली, ट्रॅक्टर गेला, आता चालणं उरलं. रिंकू राजगुरूच्या चालीतला फरक पाहा. गावात तिची मान आधी वळते आणि शरीर मागून येतं. हैदराबादेत शरीर आधी आक्रसतं आणि मान वर उचलायला वेळ लागतो. अकलूजची ही शाळकरी मुलगी पहिल्याच चित्रपटात वर्गभेद देहातून मांडते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची विशेष नोंद घेतली गेली. ती नोंद मला तिच्या संवादफेकीपेक्षा या अवघडलेल्या चालीसाठी योग्य वाटते.

याच भागात एक गोष्ट घडते जी निव्वळ प्रेमकथेत सहसा टाळली जाते. परश्या संशय घेतो आणि आर्चीवर हात उचलतो. ज्या पोरासाठी व्हायोलिनं वाजली त्याच्याही आत तात्या पाटलाचा एक अंश आहे, हे दिग्दर्शक आपल्याला पाहायला लावतो. ती निघून जाते, गाडीत बसते, पुन्हा परतते. इथे ना खलनायक आहे, ना योगायोगाची खेळी. दोन कोवळी माणसं संसार शिकताहेत आणि शिकताना एकमेकांना जखमी करताहेत. हा अख्खा तुकडा काढून एखाद्या महोत्सवात स्वतंत्र चित्रपट म्हणून दाखवला, तर कोणी त्याला बाजारू म्हणणार नाही. पूर्वार्धात गाण्यांनी जे वेड लावलं, त्याची पुरती किंमत हा उत्तरार्ध वसूल करतो. कुतुब इनामदार यांच्या संकलनाची ताकद इथे दिसते. तीन तासांहून थोडा कमी असा हा चित्रपट आपली लय मधोमध बदलतो आणि तरीही दुभंगत नाही.

नटांच्या निवडीतही एक सूत्र आहे आणि ते दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्याशिवाय हाती लागत नाही. ‘फँड्री’त जब्याचा जिवलग पिऱ्या झालेला सूरज पवार ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स आहे. चिमणीच्या मागे हुंदडणारा तोच चेहरा आता गॉगल लावून वर्गात फोनवर बोलतो आणि हटकणाऱ्या लोखंडे सरांच्या श्रीमुखात भडकावतो. पुढे त्या सरांनाच पाटलांच्या वाड्यावर जावं लागतं. सत्ता मिळाली की तोच मुलगा काय होऊ शकतो, हा प्रश्न केवळ नट बदलला नाही म्हणून उभा राहतो. छाया कदम दोन्हीकडे आई आहे. ‘फँड्री’त जब्याची रक्ताची आई, ‘सैराट’मध्ये आर्चीला परक्या गावात सापडलेली मानलेली आई. एकीकडे वाकलेली पाठ, दुसरीकडे कंबरेवर हात. आणि किशोर कदम यांचा कचरू, म्हणजे जब्याचा बाप! मराठी वाचक ज्यांना सौमित्र या नावाने कवी म्हणून ओळखतो, त्या नटाने इथे शब्दांचा जवळजवळ त्याग केला आहे. गावातल्या कोणी हाक मारली की कचरूचं शरीर हाकेपेक्षा अर्धा क्षण आधी वाकतं. शब्द कानावर पडण्याआधीच हुकूम अंगात पोचलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ताबेदारी एवढ्या अर्ध्या क्षणात साठवणं, हे अभिनयकलेचं अव्वल उदाहरण आहे.

‘फँड्री’ची खरी कसोटी मात्र त्याच्या अखेरच्या भागात लागते. माने कुटुंबाला गावातलं डुक्कर पकडायचं काम मिळालं आहे. शाळेच्या आसपास, सगळ्या गावासमोर. हा प्रसंग दिग्दर्शक लांबवतो, आणखी लांबवतो. पळणारं डुक्कर, दोर घेऊन धावणारी म्हातारी-कोतारी, बाया, पोरी. बघ्यांची गर्दी सामना बघायला जमल्यासारखी बसली आहे. चिथावणी, हशा, मोबाईलवर फोटो. जब्या भिंतीआड लपतो, कारण शालू बघणाऱ्यांत आहे. कॅमेराही त्याच्यासोबत लपतो आणि आपणही. काही काळ हा प्रसंग खरोखर गमतीशीर वाटतो, आणि तसं वाटू देणं हाच त्यातला सापळा आहे. धावपळ, पडणं-धडपडणं ही तर विनोदी सिनेमाची जुनी सामग्री. आपण हसतो आणि हसता हसता लक्षात येतं की आपण बघ्यांच्या रांगेत बसलो आहोत. ‘सैराट’च्या क्रिकेट सामन्यात आपण ज्या गर्दीचा भाग होतो, तिची ही आधीची, अधिक निर्दय आवृत्ती.

याच धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर अगदी टप्प्यात आलं आहे. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, कारण तो शाळेतला मुलगा आहे. मग घरचे एकेक करून थबकतात. डुक्कर निवांत निघून जातं. या क्षणाची बांधणी पाहा. इतका वेळ चाललेली धावाधाव एकदम गोठते. हलणारी एकच गोष्ट चौकटीत उरते, ते जनावर. देशाबद्दलचा आदर सर्वांत काटेकोरपणे कोण पाळतं, आणि देश त्यांना काय देतो, हे दोन प्रश्न एकही वाक्य न उच्चारता समोर येतात. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला उलटं टांगून घरची माणसं निघतात, आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्या चित्रांसमोरून ती काठी जाते. कमी कसाचा दिग्दर्शक इथे थांबला असता, क्लोज-अप घेतला असता, संगीत चढवलं असतं. मंजुळे कॅमेरा बाजूला ठेवून ती वरात आडवी जाऊ देतात. भिंत मागे, ओझं पुढे, आणि चौकट दोघांनाही एकत्र धरते. वचन आणि वास्तव यांच्यातलं अंतर इतक्या कमी साधनांत मोजलेलं मला दुसरीकडे आठवत नाही.

शेवटांची तुलना केल्याशिवाय हे रसग्रहण पुरं होणार नाही. चिडवत मागे येणाऱ्या पोरांवर जब्या उलटतो. दगड उचलतो, भिरकावतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. ज्या हाताने सुरुवातीला गलोलीने चिमणी टिपायची होती, तोच हात आता पाहणाऱ्याला टिपतो. मारधाडीच्या सिनेमात नायक शेवटी खलनायकाला लोळवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. इथे रचना तीच आहे, मात्र खलनायकाच्या जागी प्रेक्षक बसवला आहे. लोकप्रिय सिनेमाच्या हाणामारीचा असा वापर करायला त्या सिनेमाची नस अचूक माहीत असावी लागते.

‘सैराट’चा शेवट दगड मारत नाही, तो आवाज काढून घेतो. संसार मार्गी लागला आहे. आर्ची दारात रांगोळी काढते आहे. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा होतो. शेजारीण आर्ची-परश्याच्या बाळाला फिरवायला घेऊन गेलेली असते, ती परतते. पुढचं सगळं त्या लहानग्याच्या उंचीवरून कळतं. पावलं रक्तात भिजतात, ती उंबऱ्याबाहेर उमटत जातात, आणि ध्वनिपट्टीवर काही नाही. किंकाळी नाही, वाद्य नाही. ज्या चित्रपटाने हॉलिवूडमध्ये जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तो आपला सर्वांत महत्त्वाचा क्षण संपूर्ण शांततेत सादर करतो. ही शांतता एवढी असह्य होते ती पूर्वार्धातल्या संगीतामुळेच. आधी भरभरून दिलं नसतं तर काढून घेतल्याचं जाणवलंच नसतं. म्हणून गाण्यांना तडजोड म्हणणारे आणि शेवटाला कलात्मक म्हणणारे दोघेही चित्रपट अर्धा पाहतात. ती गाणी हा त्या शेवटाचाच पूर्वभाग आहे.

या दोन चित्रपटांचा प्रवासही वर्गवारीला जुमानत नाही. ‘सैराट’ महाराष्ट्रात लागण्याआधी, फेब्रुवारी २०१६मध्ये, बर्लिन महोत्सवाच्या जनरेशन विभागात दाखवला गेला होता. म्हणजे तिकीटबारी गाजवणारा चित्रपट आधी महोत्सवाचा पाहुणा होता. याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६मध्ये आला, मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. वारकरी आणि परदेशी परीक्षक एकाच चित्रपटापुढे नमले. कलात्मक आणि लोकप्रिय अशी भिंत घालायची घाई आपल्या परंपरेने मुळात केलेलीच नव्हती.

या वादातली एक बाजू मात्र मी आदराने ऐकतो. ‘फँड्री’सारख्या चित्रपटांना पडदे कमी मिळतात, आठवडे कमी मिळतात, आणि त्यांच्या बाजूने कोणी बोललं नाही तर ते विसरले जातात. ही चिंता खरी आहे. पण त्यांची पाठराखण करण्यासाठी ‘सैराट’ला कमी लेखण्याची गरज नाही. उलट ‘सैराट’ने वेड लावलेल्या प्रेक्षकाला ‘फँड्री’पर्यंत नेता येतं, कारण रस्ता एकच आहे. जो आर्चीच्या दिमाखावर भाळला, त्याला जब्याच्या जीन्सची ओढ समजायला वेळ लागणार नाही. परश्याच्या धावण्याने ज्याची छाती भरून आली, त्याला गॅसबत्ती धरलेल्या जब्याचे थिजलेले पायही दिसतील.

चित्रपट संथ की वेगवान, गाण्यांचा की बिनगाण्यांचा, यावरून त्याची किंमत ठरत नाही. त्याने निवडलेलं प्रत्येक साधन त्याच्या आशयासाठी राबतं की नाही, यावरून ठरते. या कसोटीवर ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ दोन्ही खणखणीत उतरतात. माझ्या मते तीव्रतेत ‘फँड्री’ सरस, आणि रचनेच्या धाडसात ‘सैराट’. तेव्हा रसिकहो, पुढच्या वेळी हा वाद निघाला तर बाजू घेण्याआधी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा, ‘फँड्री’ आधी आणि ‘सैराट’ नंतर. तात्यांचं भाषण, कचरूचं वाकणं, गॅसबत्ती आणि गाणी थांबण्याची जागा, एवढ्या चार गोष्टींवर लक्ष ठेवा. मग वाद जरूर घाला, तो अधिक रंगेल.